एका गच्चीवर दोन शेगड्या: सामिष आणि शाकाहारी पाहुण्यांसाठी निखाऱ्यावरचे जेवण

आमच्या घरी गच्चीवर पहिल्यांदा शेगडी मांडली तेव्हा जाळी एकच होती. आधी कोंबडीचे तुकडे भाजले आणि मग त्याच जाळीवर घाईघाईने पनीर आणि ढबू मिरचीच्या चकत्या टाकल्या. माझे मामा माळकरी आहेत. त्यांनी जाळीकडे एकदा पाहिले, काही न बोलता खाली स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी, दही व खर्डा घेऊन तिथेच जेवायला बसले. बाकीचे सगळे पोटभर जेवले, पण यजमान म्हणून माझे चुकले होते आणि ते मला आजही बोचते. त्यानंतर जेव्हा जेव्हा निखाऱ्यावर जेवण केले, तेव्हा पहिला विचार शाकाहारी ताटाचा केला. त्यातून जी पद्धत बसली, ती इथे क्रमाने आणि मापांसह देत आहे.

कोल्हापूरची ओळख तांबड्या-पांढऱ्या रश्श्याने होते हे खरे, पण याच गावात माळकरी आहेत, जैन आणि लिंगायत कुटुंबे आहेत, आणि एकाच घरात मुलगा मटण खाणारा आणि आई न खाणारी असणे ही अगदी रोजची गोष्ट आहे. जुन्या घरांतून यासाठी साधी सोय असे: मटणाची भांडी वेगळी आणि ते शिजायचे ते परसातल्या चुलीवर. निखाऱ्यावरच्या जेवणातही तोच नियम पाळायचा आहे. शाकाहारी माणसाला सामिष पदार्थातून उरलेल्या भाज्यांची सळई देऊन भागत नाही. त्याच्या ताटातही पोट भरेल असा, मसाल्याने आणि आचेने तितकाच घडलेला मुख्य पदार्थ असला पाहिजे, आणि तो त्याला निःशंक मनाने खाता आला पाहिजे.

माणसे, वार आणि माप

दहा माणसांचा हिशोब धरू: सहा सामिष खाणारे आणि चार शाकाहारी. बोलावतानाच प्रत्येकाला नीट विचारून घ्यावे. कोण माळकरी आहे, कोणी कांदा-लसूण वर्ज्य करते का, अंडे चालते का आणि कोणी सूर्यास्तानंतर जेवत नाही का, हे चार प्रश्न विचारायला संकोच वाटू नये. चौविहार पाळणाऱ्या जैन पाहुण्याला रात्री आठ वाजता गरम ताट देण्यात काहीच अर्थ नाही, त्याची शेगडी दुपारी साडेचारलाच पेटवावी लागते. वार शक्यतो रविवार किंवा बुधवार निवडावा. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी आणि श्रावण या दिवशी निम्मी मंडळी आपोआप शाकाहारी होतात आणि सगळा हिशोब बदलतो. हंगामाचे म्हणाल तर दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. कोल्हापूरच्या पावसाळ्यात गच्चीवर शेगडी मांडायची म्हणजे वर ताडपत्री ओढावी लागते, आणि ताडपत्रीखाली विस्तव पेटवणे धोक्याचे आहे.

मापाबाबत एक गोष्ट अनुभवाने सांगतो. भाजलेले पनीर आणि भरलेली ढबू मिरची समोर आली की सामिष खाणारेही ती वाढून घेतात, उलट कधीच घडत नाही. म्हणून शाकाहारी पदार्थ चार जणांपुरते करून ठेवले तर शेवटी शाकाहारीच उपाशी राहतात. सहा जणांसाठी हाडासकट दीड किलो कोंबडी पुरते, पण पनीर एक किलो घ्यावे आणि ढबू मिरच्या माणशी एक, म्हणजे दहा घ्याव्यात.

शेगड्या आणि कोळसा

दोन शेगड्या लागतील. लोखंडी शेगडी घरात असेल तर उत्तम, नसेल तर विटांची मांडणी तितकेच चांगले काम देते. गच्चीच्या फरशीवर थेट विस्तव ठेवल्यास फरशी तडकते, म्हणून आधी दोन-तीन बोटे जाडीचा वाळूचा थर पसरावा, त्यावर आडव्या विटांचा एक थर लावावा आणि मग दोन्ही बाजूंना विटांचे दोन-दोन थर रचावेत. दोन थरांची उंची साधारण १५ सेंटीमीटर होते. त्यात निखाऱ्यांचा थर ५ सेंटीमीटरचा धरला तर जाळी आणि निखारा यांच्यात १० सेंटीमीटर अंतर उरते, आणि हेच अंतर हवे. जाळी याहून खाली गेली की पदार्थ वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. दोन शेगड्यांमध्ये किमान दोन हात अंतर ठेवावे आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला शाकाहारी शेगडी मांडावी, म्हणजे कोंबडीच्या चरबीचा धूर पनीरवर येत नाही. ही बाब लहान वाटते, पण न खाणाऱ्याला तो वास लगेच कळतो.

प्रत्येक शेगडीला स्वतःचा चिमटा, स्वतःचे उलथणे, तेल लावायला स्वतःचा कुंचला आणि पदार्थ काढून ठेवायला स्वतःची परात हवी. शाकाहारी जाळीच्या कडेला तांब्याच्या तारेचा वेढा बांधून ठेवला की धुण्याच्या वेळी किंवा अंधारात गल्लत होत नाही.

कोळसा लाकडीच घ्यावा. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असते, त्याच्यावर काहीही भाजू नये. बाभळीचा कोळसा जड असतो, पेटायला वेळ लावतो, पण एकदा पेटला की आच बराच वेळ धरतो. सामिष शेगडीसाठी दोन किलो, शाकाहारीसाठी दीड किलो आणि मध्ये भर घालायला एक किलो, असा साडेचार किलोंचा हिशोब ठेवावा. पेटवण्यासाठी सुक्या करवंट्या आणि कापूर पुरतो. रॉकेल किंवा पेट्रोल कधीही वापरू नये. त्याचा वास अन्नात उतरतो आणि भडका उडाला तर माणूस भाजतो. आणखी एक गोष्ट निक्षून सांगायची आहे: थंडी आहे किंवा पाऊस आला म्हणून पेटलेली शेगडी खोलीत, जिन्यात किंवा बंद बाल्कनीत नेऊ नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो, त्याला वास नसतो आणि त्याने जीव जातो.

दोघांचा एक मसाला, पण वाटी वेगळी

कोल्हापुरात नुसते ‘चटणी’ म्हटले की ती ओल्या नारळाची नसते, ती उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षभर पुरवलेली कांदा-लसणाची लाल चटणी असते. आपल्या दोन्ही पदार्थांचा पाया हीच चटणी आहे. मात्र रश्श्यात जी चटणी उत्तम लागते ती कोरडीच कोंबडीला चोळून निखाऱ्यावर ठेवली, तर दोन मिनिटांत काळी पडते आणि कडू लागते, कारण तिच्यातला कांदा, लसूण आणि खोबरे मिरचीच्याही आधी जळते. यावर उपाय असा की चटणी आधी तेलात भिजवायची आणि मग तिला चक्क्याचे पांघरूण द्यायचे.

चक्क्यासाठी आदल्या दिवशी सकाळी म्हशीच्या दुधाचे एक किलो दही पातळ फडक्यात बांधून टांगावे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचे धारोष्ण दूध आणून घरी विरजण लावले असेल तर चक्का घट्ट आणि गोडसर येतो, आणि असाच चक्का हवा.  रात्रीपर्यंत साधारण निम्मा, म्हणजे ४०० ते ५०० ग्रॅम चक्का मिळतो.

आता अर्धी वाटी शेंगतेल लहान कढईत तापवून गॅस बंद करावा. तेल थोडे निवू द्यावे आणि चिमूटभर चटणी टाकून पाहावी. कडेने बारीक फेस आला आणि रंग लालच राहिला, तर तेल बरोबर आहे. घशाला ठसका लागला, तर ते अजून जास्त तापलेले आहे, आणखी दोन मिनिटे थांबावे. मग चार मोठे चमचे चटणी आणि एक लहान चमचा हळद तेलात घालून ढवळावी आणि झाकून ठेवावी. दहा मिनिटांत वर लालभडक कट सुटलेला दिसेल आणि खाली चटणी फुगून मऊ झालेली असेल. ही फुगलेली चटणी आगीवर लवकर जळत नाही.

तेल पूर्ण निवल्यावर त्यात तीन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण, प्रत्येकी दोन मोठे चमचे भाजलेले तीळ, खसखस आणि सुके खोबरे यांचे बारीक वाटण, तीन मोठे चमचे खमंग भाजलेले बेसन आणि चक्का घालून एकजीव करावे. बेसनामुळे मसाला तुकड्याला धरून राहतो. घरच्या चटणीत मीठ कुटलेले असते, त्यामुळे मीठ आता घालू नये, चव पाहून नंतर ठरवावे.

मसाला तयार झाला की लगेच, कच्च्या मांसाची पिशवी उघडण्याच्याही आधी, त्याचे दोन वाटे करावेत. एक वाटा शाकाहारी वाडग्यात काढून झाकून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवावा. त्यातला मसाला काढायचा चमचाही त्यातच असावा. घाईच्या वेळी चुका होतात त्या इथेच होतात, म्हणून मी हे काम आदल्या रात्रीच करून टाकतो.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी तिसरी वाटी लागते. तिच्यात अर्धी वाटी चक्का, दीड लहान चमचा ब्याडगी मिरचीची पूड, भाजलेल्या धने-जिऱ्याची पूड, तिळाचे वाटण, एक चमचा भाजलेले बेसन, दोन चमचे तेल आणि मीठ घालावे. ब्याडगी तिखटापेक्षा रंग जास्त देते, म्हणून ताटात हा तुकडा शेजारच्या तुकड्यापेक्षा फिका दिसत नाही. जैन पाहुण्यांसाठी आले आणि इतर कंदमुळेही टाळावीत.

कोंबडी

निखाऱ्यावर छातीचे मांस पटकन कोरडे होते, तंगडी आणि मांडीचे होत नाही. म्हणून दुकानदाराकडून हाडासकट तंगडी-मांडीचे आठ तुकडे करून घ्यावेत आणि प्रत्येक तुकड्याला हाडापर्यंत जातील असे दोन-तीन छेद द्यावेत. नळाखाली जोरात धुतल्याने कच्च्या मांसाचे शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात, त्यापेक्षा कागदाने नीट टिपून घेणे बरे. आदल्या रात्री दोन लहान चमचे मीठ आणि एका लिंबाचा रस चोळून तुकडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी इतर कशावर गळणार नाही. सकाळी त्याला मसाल्याचा वाटा चोळून पुन्हा फ्रीजमध्ये ठेवावे आणि भाजण्याआधी अर्धा तास बाहेर काढावे. उरलेला मसाला, ज्याला कच्च्या कोंबडीचा स्पर्श झाला आहे, तो वरून लावण्यासाठी ठेवू नये, टाकून द्यावा.

कोल्हापूरकर पाहुणा कोंबडी पाहून ‘मटण नाही?’ असे विचारणारच. बकऱ्याचे मटण थेट निखाऱ्यावर ठेवले तर बहुधा चिवट होते. पपईचा गर लावून ते मऊ करता येते, पण गराचे प्रमाण किंवा वेळ जरा वाढली की वरचा थर पिठासारखा भुसभुशीत होतो. त्यापेक्षा आपल्याकडची पद्धत या कामी जास्त चांगली आहे. मांडीचे हाडासकट मोठे तुकडे हळद, मीठ, आले-लसूण आणि भरपूर पाणी घालून शिजवावेत. सुरीचे टोक सहज आत जाते पण मांस हाड सोडत नाही, इतपत शिजले की तुकडे बाहेर काढून निववावेत, मसाला लावून दोन तास मुरवावेत आणि तेज आचेवर सहा-आठ मिनिटे फक्त रंग येईपर्यंत भाजावेत. मागे राहिलेल्या पाण्यात, म्हणजे अळणीत, खसखस, काजू आणि नारळाचे दूध घातले की पांढरा रस्सा झाला. एका मटणात दोन पदार्थ होतात आणि एकही तुकडा चिवट निघत नाही. मला स्वतःला कोंबडीपेक्षा हा प्रकार अधिक आवडतो, मात्र दुपारचे दोन तास त्याला द्यावे लागतात.

खर्डा भरलेले पनीर

बाजारात मिळणारे लहान चौकोनी तुकडे नकोत, अखंड वडी घ्यावी. तिचे साधारण अर्ध्या तळहाताएवढे आणि तीन-चार सेंटीमीटर जाडीचे तुकडे करावेत. एक किलोत साधारण आठ तुकडे बसतात. कोमट, खारवलेल्या पाण्यात हे तुकडे दहा मिनिटे ठेवले की ते मऊ होतात आणि मीठ आतपर्यंत जाते. मग फडक्यावर निथळून प्रत्येक तुकडा पावासारखा मधोमध चिरावा, पण एक बाजू जोडलेली ठेवावी.

आत भरायला खर्डा. दहा-बारा हिरव्या मिरच्या तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत परताव्यात, त्यात आठ लसणाच्या पाकळ्या आणि अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे घालून तव्यावरच वाटीच्या बुडाने जाडसर रगडावे, वर मीठ, कोथिंबीर आणि थोडा लिंबाचा रस घालावा. मिक्सरमध्ये तो गुळगुळीत होतो आणि पनीरमधून वाहून जातो, जाडसर खर्डा जागेवर राहतो. पनीर स्वभावाने सौम्य असल्याने खर्डा थोडा तिखटच असू द्यावा. लहान मुलांसाठी मिरच्यांऐवजी कोथिंबीर वाढवावी. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी लसणाच्या जागी भाजलेले जिरे घालावे आणि हा खर्डा सर्वांत आधी करून घ्यावा, म्हणजे तवा पुन्हा धुवायला नको.

चमचाभर खर्डा पसरून तुकडा मिटवावा, दोन काड्या आडव्या टोचाव्यात आणि सर्व बाजूंनी शाकाहारी वाडग्यातला मसाला लावून तास-दीड तास ठेवावा. काड्या अर्धा तास पाण्यात भिजवून घेतल्या नाहीत तर त्या जाळीवर पेट घेतात.

भरलेली ढबू मिरची

पीठ पेरलेली ढबू आपल्याकडे घरोघरी होते, तिचेच हे रूप आहे. दीड वाटी बेसन कोरडेच मंद आचेवर खमंग भाजावे, कारण निखाऱ्यावर आतले पीठ शिजायला पुरेशी वाफ मिळत नाही आणि कच्चे बेसन घशाशी चिकटते. त्यात एक वाटी दाण्याचे कूट, दोन चमचे तीळ, एक मोठा चमचा चटणी, सुपारीएवढा कोल्हापुरी गूळ, दोन चमचे चिंचेचा कोळ, मीठ, कोथिंबीर आणि चार चमचे तेल घालून, पाण्याचा हबका मारत, मुठीत धरल्यावर गोळा होईल इतपत ओलसर करावे. जैनांसाठीच्या मिरच्यांत चटणीऐवजी ब्याडगीची पूड वापरावी आणि त्या ओळखू याव्यात म्हणून देठाला दोरा बांधावा. मिरचीचा देठाकडचा भाग टोपीसारखा कापून बिया काढाव्यात, आतून मिठाचे बोट फिरवावे, सारण दाबून न भरता हलकेच भरावे आणि टोपी परत काडीने अडकवावी. दाण्याचे कूट आणि बेसन असल्यामुळे एक मिरची आणि एक पनीरचा तुकडा यांवर मोठ्या माणसाचे पोट भरते.

आच

आठ वाजता ताटे वाढायची असतील तर साडेसहाला कोळसा पेटवावा. मध्ये करवंट्या आणि कापूर, भोवती कोळशाची रास. पेटल्यावर पुठ्ठ्याने सावकाश वारा घालावा. पावसाळ्यात रंकाळा तलावावर कणसे भाजणाऱ्या बायांचे हात पाहावेत: कणीस ज्वाळेवर कधी धरत नाहीत, राखेची बारीक पांढरी साय धरलेल्या निखाऱ्यावर ठेवतात, वारा थोडा थोडा घालतात आणि कणीस सतत फिरवत राहतात. निखाऱ्यावर भाजण्याची विद्या एवढीच आहे. कोळशावर राखेचा करडा थर यायला २५ ते ३० मिनिटे लागतात, तोवर काहीही वर ठेवू नये.

निखारे तयार झाले की दोन्ही शेगड्यांत ते एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला अगदी थोडे असे ओढून घ्यावेत. तेज बाजू रंग आणण्यासाठी, मंद बाजू आतपर्यंत शिजण्यासाठी. आच ओळखायला हाताचा तळवा जाळीच्या वर चार बोटे धरावा. दोन-तीन सेकंदांतच मागे घ्यावासा वाटला तर आच तेज, चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम, सात-आठ सेकंद धरवला तर मंद समजावी.

भाजणे

कोंबडीला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून सामिष शेगडीवर ती सात-सव्वासातला चढवावी. तुकडे मंद बाजूला ठेवून वरून मोठे पातेले पालथे घालावे. बंद भट्टीसारखी उष्णता कोंडली जाते आणि मांस सर्व बाजूंनी शिजते. दर आठ-दहा मिनिटांनी तुकडे पालटावेत. पंचवीस मिनिटांनी पातेले काढून तुकडे तेज बाजूला आणावेत आणि पाच-सहा मिनिटे उलटसुलट करत रंग आणावा. चरबी निखाऱ्यावर पडून ज्वाळ उठली तर तुकडे मंद बाजूला सरकवावेत, पाणी ओतू नये, कारण पाण्याने राख उडून अन्नावर बसते. शिजल्याची खात्री रंगावरून होत नाही. सळईसारखा अन्नाचा थर्मामीटर असेल तर मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता तो खुपसावा आणि आकडा किमान ७४ अंश सेल्सिअस आल्याशिवाय तुकडा उतरवू नये. थर्मामीटर नसेल तर सांध्यापाशी सुरीने उघडून पाहावे, रस निवळ असावा आणि मांस कुठेही चकाकते कच्चे दिसू नये. उतरवलेले तुकडे ज्या परातीत कच्चे आणले होते त्या परातीत ठेवू नयेत. धुतलेल्या दुसऱ्या परातीत पाच-सात मिनिटे विसावू द्यावेत, म्हणजे रस आतच राहतो.

त्याच वेळी शाकाहारी शेगडीवर ढबू मिरच्या मंद बाजूला उभ्या लावून पातेल्याखाली वीस मिनिटे ठेवाव्यात आणि शेवटी तेज बाजूवर गोल फिरवत सालीला काळे डाग पाडावेत. पनीर मात्र अगदी शेवटी, कोंबडी विसावत असताना. जाळी चांगली तापली की तेलात बुडवलेल्या अर्ध्या लिंबाने ती पुसावी. कांदाही चालतो, पण लिंबाने सर्वांचीच सोय होते. तुकडा मध्यम आचेवर ठेवल्यावर त्याला हात लावू नये. पहिल्या मिनिटात तो जाळीला चिकटलेला असतो, तीन-चार मिनिटांनी खालची बाजू भाजून निघाली की आपोआप सुटतो. त्याआधी ओढला तर मसाला जाळीवर राहतो आणि पांढरे पनीर हातात येते. मग उलथण्याने एकदाच पालटावा, वर शेंगतेलाचा हात फिरवावा आणि दुसरी बाजू तीन मिनिटे भाजावी. कांदा-लसूण नसलेले तुकडे आधी भाजून काढावेत, बाकीचे त्यानंतर.

एकच शेगडी असेल तर क्रम बदलता येत नाही: स्वच्छ जाळीवर आधी सगळे शाकाहारी, त्यानंतरच मांस. अशा वेळी पनीर केळीच्या पानात गुंडाळून, उकळते पाणी घालून तापवलेल्या आणि कोरड्या पुसलेल्या डब्यात बंद ठेवावे आणि शाकाहारी मंडळींना आधी वाढावे. पनीर अर्ध्या तासापलीकडे चांगले राहत नाही, ते आकसते आणि दाताखाली करकरते.

ताट

बाजूचे सर्व पदार्थ मांसाचा अंश नसलेलेच करावेत, म्हणजे कोणालाही कशाबद्दल विचारावे लागत नाही. ज्वारीच्या भाकऱ्या, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा मोकळा भात, दह्यातली कोशिंबीर, लिंबाच्या फोडी आणि उरलेला खर्डा एवढे पुरते. रस्सा हवा असेल तर तांबडा रस्सा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, साध्या पाण्यावर करावा. चटणी चांगली असेल तर तो सगळ्यांना आवडतो. पांढरा रस्सा मटणाच्या अळणीचा असेल तर तो सामिष परातीजवळच ठेवावा आणि वाढणाऱ्याला तसे सांगून ठेवावे. शाकाहारी परात आधी फिरवावी. वाढणारी माणसेही दोन असावीत, कारण एकाच हाताने दोन्ही वाढताना चमचे बदलतात.

बाहेर काढलेली कोंबडी, मटण आणि पनीर दोन तासांहून अधिक वेळ उघड्यावर ठेवू नये. उरले तर हाडे काढून फ्रीजमध्ये ठेवावे, दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर परतून चांगले लागते.

निखारे रात्री विझल्यासारखे दिसले तरी राखेखाली सकाळपर्यंत जिवंत असतात. ते पत्र्याच्या डब्यात भरून वर पाणी मारावे, प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कचरा कोंडाळ्यात टाकू नयेत. जाळ्या कोमट असतानाच घासल्या तर लवकर निघतात. आधी तांब्याच्या तारेची जाळी नव्या घासणीने धुवावी, पुसून तेलाचा हात लावावा आणि स्वयंपाकघरात टांगावी. दुसरी जाळी तिच्या घासणीसह परसातल्या खुंटीवर ठेवावी.